नारबोदीला दिलेलं घोरणं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर नात म्हणेल, आजीला आता वयामुळे काहीही दिसून राहिलं. मला दिसलेलं काहीच नाही. ऐकू आलं... आणि अजूनही येतं, एवढंच.

आम्ही दोघं कोहमाऱ्याच्या चौकातून आत गेलं की लागणाऱ्या एका लहान गावात राहतो. रस्त्याला लागून घर, पुढे ओसरी, मागे आतली खोली, आणि भिंतीला भिंत लावून आमची धान कांडायची गिरणी. हुलर म्हणतात तिला. यांनी आयुष्यभर तीच चालवली आणि तिचाच आवाज घशात भरून घेतला. यांचं घोरणं म्हणजे हुलर सुरू होणं. आधी पट्टा नुसता फडफडतो, मग घसरतो, मग एकदम शांत... इतकं शांत की बाजूच्याला वाटावं, आटोपलं. आणि मग धाडकन पट्टा लागतो, मशीन चालू. दुपारी हे आडवे झाले की एखादी बाई डोक्यावर धानाचं गाठोडं घेऊन दारात उभी राहायची, "गिरणी चालू हाये ना वो?" आणि हे उठल्यावर शपथेवर सांगणार, "मी नाही घोरत. हिले बोलायची सवय हाये."

आता नारबोद, म्हणजे घरातली रोगराई घेऊन जाणारी; तिच्या दिवसाचं नावही तेच. आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाची फांदी ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढत गावाच्या शिवेवर नेऊन टाकायची आणि ओरडत जायचं – खासी घेऊन जा गे नारबोद, खोकला घेऊन जा गे नारबोद. पोरं त्यात वाट्टेल ते घालतात. डास, ढेकूण, गणिताचा मास्तर.

लग्न होऊन आले तेव्हा मी गोंदियाहून बारावी सायन्स करून आलेली. म्हणजे गावात माझ्याएवढं शहाणं कोणी नाही, अशी माझी पक्की खात्री. केसात क्लिपा आणि तोंडात बॅक्टेरिया. पहिल्याच नारबोदीला मी सासूबाईंना जंतूंवर भाषण दिलं. त्या अंगण सारवता सारवता थांबून ऐकत होत्या बिचाऱ्या. भाषण संपल्यावर मी गंमत म्हणून सुरू केलं, "सासूची कटकट घेऊन जा गे ना–" पुढचं निघायच्या आत त्यांचा शेणाचा हात माझ्या तोंडावर.

"रोगाचं नाव घे, बाई. मानसाचं काही देऊ नोको तिले. नेते ते."

मला त्या बोलण्यापेक्षा शेणाचाच राग जास्त. संध्याकाळपर्यंत चुळा भरत बसले. अशी मी सायंटिस्ट.

सासूबाई गेल्या, मी सासू झाले, आजी झाले. मग कोरोना आला. त्या वर्षी पोळ्याला पोलीस पाटलांनी सांगितलं, मिरवणूक नाही, एका घरचा एकच माणूस शिवेवर जाईल. यांचे गुडघे दुखत होते, म्हणून फांदी ओढत मी निघाले. शिवेवर रस्त्याखालून नाला जातो, त्या मोरीच्या बाजूला सगळ्या गावाच्या फांद्या पडतात. तिथे कोणी नव्हतं. मी मास्कमधूनच म्हटलं, खासी घेऊन जा, ताप घेऊन जा, हा कोरोना घेऊन जा.

आणि मग खोडी सुचली. लॉकडाऊनमध्ये गिरणी बंद, त्यामुळे हे दुपारी तर झोपतच, पण सकाळीही पट्टा फडफडायचा. माझं डोकं पिकलेलं. म्हटलं, "आणि आमच्या म्हाताऱ्याचं घोरणं घेऊन जा गे नारबोद." साठी उलटलेली बाई, रस्त्यावर एकटीच उभी राहून मास्कमध्ये खुदुखुदु हसत होते. या वेळी तोंडावर हात ठेवायला कोणी नव्हतं.

त्या दुपारी हे जेवून झोपले आणि मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्या घड्याळाला आवाज आहे, हे मला तेव्हा कळलं.

नागपूरला मुलाला, नीलेशला, फोन करून मी हसत हसत सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं ना आई. झोप आता." झोपले असते. पण हे इतके निपचित पडायचे की मीच उठून नाकाशी हात धरायची. श्वास लागायचा हाताला, पण अगदी बारीक. दाराच्या फटीतून वारा येतो तसा.

"मेलो नाही अजून," हे डोळे न उघडता म्हणायचे.

"आवाज तरी करा जरा."

"आता आवाज बी पायजे का तुले?"

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. शेजारच्या शेवंताचा नवरा ॲम्ब्युलन्समध्ये बसून गोंदियाला गेला तो परत आलाच नाही, घरच्यांना तोंडही पाहायला मिळालं नाही. त्याच आठवड्यात यांना ताप भरला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. नीलेश नागपुरातून फोनवर फोन करत होता... गोंदियात बेड नाही, भंडाऱ्यात नाही. एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवरच गोळ्या लिहून दिल्या, ऑक्सिमीटर लावायला सांगितलं. हे आतल्या खोलीत, मी दाराबाहेर ओसरीत.

"झोपेत श्वासाचा आवाज येतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधी यायचा," मी म्हटलं. "पोळ्यापासून नाही."

आकडा नव्वदच्या खाली उतरला. श्वास कमी पडणारा माणूस धापा टाकतो, तडफडतो, असं मी ऐकलं होतं. यांचं तसं काहीच नाही. नुसते पडून. मी "ऐकता का?" म्हणून हाक मारायची, आणि हे एक बोट उचलायचे. मग बोटही उशिरा उचलायला लागले.

आणि त्या भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नाही अशा उन्हात, मला पट्टा फडफडल्याचा आवाज आला.

वाटलं, हेच. आत डोकावले. हे तसेच, गप्प. मग वाटलं, गिरणी कोणी उघडली? तिला तर कुलूप. आवाज लांबून, रस्त्याच्या टोकाकडून येत होता. मी डोक्यावर पदर घेऊन निघाले. शेवंता खिडकीत उभी होती.

"कुठं जाऊन राहिली वो काकू उन्हाची?"

"तुले गिरणीचा आवाज येते का?"

"येते ना," ती म्हणाली. "तुमचीच चालू असंल."

शिवेवर पोहोचले. मोरीच्या बाजूला पोळ्याच्या फांद्या वाळून तशाच पडलेल्या. तिथली काडी आमच्याकडे कोणी चुलीला नेत नाही. आवाज त्या ढिगातून येत होता. हुलर नव्हतं ते. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्याचा आवाज मी ओळखणार नाही का? मी जवळ गेले तसा पट्टा घसरला. शांत. मी वाट पाहत राहिले, आता लागेल, आता लागेल. लागला नाही.

"गंमत केली होती मी," ढिगाला म्हटलं. "परत दे."

आमची फांदी कोणती, हे काय कळणार? वरची होती ती उचलली आणि ओढत घरी आणली. नेली होती तशीच.

यांच्या खाटेखाली सरकवली तेव्हा यांनी डोळे किलकिले केले. "हे कायले आनलं?"

"झोपा तुम्ही."

मी ओसरीत येऊन भिंतीला टेकले. थोड्या वेळानं आतून फडफड ऐकू आली. मग घसरला... मग धाडकन लागला. तो आवाज ऐकत मी बसल्या जागी रडले, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच आवाजानं मला झोप लागली. संध्याकाळी आकडा वर चढला होता. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. असतीलही. गोळ्या त्याच सकाळी सुरू केल्या होत्या, हेही खरं सांगितलं पाहिजे.

हे उठले, हिंडू-फिरू लागले. इथेच संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

पावसाळ्यात एका दुपारी आम्ही दोघं ओसरीत चहा पीत होतो. घरात तिसरं कोणी नाही. आतल्या खोलीत पट्टा फडफडला.

"कोन झोपलं आत?" यांनी विचारलं.

"कोणी नाही."

हे कान देऊन ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "असा घोरतो मी?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं, म्हणून मला हसूच आलं. तेवढ्यात आत पट्टा घसरला आणि शांत झालं. यांचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला. डोळे उघडे, पापणी हलत नाही. छाती हलत नाही. मी दंडाला धरून हलवलं, हाका मारल्या. चहा सांडला तरी कळलं नाही. मग आत धाडकन पट्टा लागला, आणि यांनी उरलेला चहा प्यायला.

"काऊन पाहून राहिली अशी?"

यांना काहीच माहीत नव्हतं. अजूनही नाही. मी सांगितलेलं नाही.

नीलेश आला तेव्हा त्यानेही ऐकलं. म्हणाला, कुलरचं बेअरिंग गेलं. बदलून दिलं. हिवाळ्यात कुलर झाकून ठेवला, तरी आवाज आहेच. गोंदियाच्या डॉक्टरांनी यांचं हृदय, फुफ्फुस सगळं तपासलं, सगळं ठणठणीत. शेवंता दर पोळ्याला म्हणते, काकू, ती खाटेखालची वाळकी फांदी टाका ना बाहेर. मी टाकत नाही. ती गेली तर तिच्यासोबत काय जाईल, हे मला माहीत नाही, आणि पाहायचंही नाही. नारबोदीच्या सकाळी मी दार लावून, तोंड मिटून बसते.

मला याचा अर्थ लागलेला नाही. तुमच्यापैकी कोणी सायन्स शिकलं असेल तर सांगा. माझं बारावीचं यात पुरत नाही.

मी हे लिहून राहिलेय, आता दुपार आहे. हे समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेत. आत हुलर चालू आहे.

आता घसरला. पेपर तसाच धरलाय यांनी, पान अर्धं उलटलेलं...

लागला. पण आज जरा उशिरा लागला.