बाईंनी राखलेला धावडा

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला नालवाडीच्या घरी पोळ्या लाटत होते. पलीकडून थोरला पुतण्या बोलत होता. रडू फुटायच्या आधीच मी म्हटलं, "मागच्या आवारातले धावड्याचे लाकडं काढ. बाईनं त्याच्यासाठीच ठेवले." तो म्हणाला, "लाकडाचा ट्रॅक्टर सांगतला, काकू. तुमी टेन्शन नोका घेऊ." स्वतःची आई गेली आणि हा मला टेन्शन घेऊ नका म्हणतो! तिथूनच माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर नाही.

अनसूयाबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. आम्ही वर्ध्याला आलो, त्या गावातच राहिल्या. घरी शेती, दोन कमावते मुलगे, ओट्यावर गॅस. तरी बाई डोक्यावर चुंबळ ठेवून सरकारी जंगलात सरपणाला जायच्या. मुलांना त्याची लाज वाटे. पाहुणे असले की मोळी मागच्या दाराने आणायला लावत. भाकरी मात्र दोघांनाही चुलीवरचीच लागे, तिथे लाज आड येत नसे. एकदा मी विचारलं, "बाई, एवढ्या उन्हात काऊन जाता?" हसून म्हणाल्या, "घरी दिवसभर हाका राह्यतेत, लता. जंगलात मले कोणी हाक मारत नाई."

मीही एकदा त्यांच्यासोबत गेले होते. बाई उभ्या झाडाला कुऱ्हाड लावत नसत, वाळून पडलेलंच तोडायच्या. परतताना जंगलाच्या तोंडाशी सगळ्या बायका थांबल्या आणि प्रत्येकीने आपल्या मोळीतलं एकेक लाकूड काढून तिथे ठेवलं. जिला आत जाणं होत नाही तिच्यासाठी... गरोदर असो की म्हातारी, कोणी नेलं हे विचारायचं नाही. माझ्या काटक्यांच्या मोळीतून लाकूड काही सुटेना, तशा बाई म्हणाल्या, "तुही मोळी हाय का खराटा? तरी ठेव एक." सगळ्या खो खो हसल्या. घरात मी त्यांना असं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग एका वादळात जंगलातला वाळका धावडा पडला. तो त्यांनी तोडून तोडून, मोळीमोळीने घरी वाहिला आणि मागे टिनाखाली रचला. त्यातलं एक ढलपंही चुलीत घालू देत नसत. मला म्हणाल्या, "हे सरपण नाई, माहं सरण हाय. इकतचं लाकूड ओलं निघते, नुसतं धुपत राह्यते. जाताजाता मले गावाच्या डोयात धूर नाई घालाचा. माह्या पोट्ट्याइले सांगजो."

सांगितलं की मी! आम्ही गावी पोचलो तर दारात ओल्या लाकडांची ट्रॉली उभी. जंगलात सोबत जाणाऱ्या बायका एकेक लाकूड हातात घेऊन आल्या होत्या, बाईंच्या सरणावर ठेवायला. थोरल्याने त्यांना दारातूनच परतवलं. मी पुन्हा धावड्याचं बोलले, तर म्हणतो, "आमच्या मायले जंगलातल्या काटक्याइवर जाळाचं का, काकू? लोकं काय म्हणतीन?" लोकं! ज्या हातांनी याला भरवलं त्या हातांची याला लोकांसमोर लाज. संध्याकाळी आमचे हे घाटावरून परतले ते लाल डोळ्यांनी. "पेटतच नव्हतं. डिझेल ओतलं," एवढंच म्हणाले. सदऱ्याला तो वास होता. टिनाखालचा ढीग मात्र जागचा हलला नव्हता. "राहू द्या, तेरवीले लागतीन," धाकटा म्हणाला.

आणि खरंच लागली. तेरवीला मांडव, माईक, भाषणं. कोणी बाईंना माउली म्हणालं, कोणी निसर्गाची लेक. मेल्या म्हशीला मणभर दूध! पंगत बसली. तिकडे भट्टीपाशी आचारी घाम पुसत खुशीत ओरडला, "लाकूड एक नंबर हाय, मालक! बिलकुल धूर नाई."

माझा हात पानावरच थांबला. मी मोठ्याने म्हटलं, "कसा राहीन धूर? ते बाईचं सरण होतं."

सगळे थोरल्याकडे बघू लागले. त्याने वाढप्याकडे मान वळवली. "बुंदी फिरव रे इकडे," तो म्हणाला.

बुंदी फिरली. कोणाचाही घास अडला नाही.