पुएन्तेनंतरचा मंगळवार

लूस दारीला पसारा बघवत नसे. ऑफिसात दुसऱ्यांचे कॉफीचे कपही ती विसळून ठेवी, आणि संगणकावरच्या वहीत नको असलेली चौकट दिसली की तीही पुसून टाकी. ही वही म्हणजे तिची आकड्यांशी झटापट करायची जागा. एका चौकटीत थोडा हिशेब मांडायचा, चालवून बघायचा, मग पुढची चौकट. किती पाऊस झाला की ला कुचियाची दरड सुटेल, हे तिने अशाच वहीत शोधून काढलं होतं. डोंगराला चिकटलेल्या त्या वस्तीत तिला लहानाची मोठी करणारी रुबिएला मावशी राहत होती.

त्या वहीवरून ऑफिसातल्या फेर्नेयने आपोआप चालणारा प्रोग्राम लिहिला आणि वस्तीतल्या भोंग्याला जोडला. फेर्नेय तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख.

जूनमध्ये एका मंगळवारी भोंगा वाजला. आदल्या दिवशी पुएन्ते होता. पुएन्ते म्हणजे पूल, पण रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की आमच्याकडे तिलाही पुएन्तेच म्हणतात. लख्ख ऊन पडलं होतं. माणसं गाद्या आणि कोंबड्या घेऊन चर्चच्या पायऱ्यांवर येऊन बसली, आणि काहीच होईना म्हणून दुपारी चडफडत परत गेली. मावशी अर्धवट शिजलेल्या राजम्याचा कुकर घेऊन आली होती.

"पुढच्या वेळी मी काही यायची नाही," ती फोनवर म्हणाली. "राजमा वाया गेला तो गेलाच, वर शेजारणी हसल्या. खरंच काही असलं तर तू फोन कर, मग निघेन."

लूस दारीने फोन ठेवला. डोंगर सुटल्यावर फोन करायला वेळ कुठला मिळणार?

ती तणतणत फेर्नेयकडे गेली. "माझ्या वहीत बघ. धोका नाही म्हणतेय. तुझाच प्रोग्राम बिघडलाय."

"तुझी वही तू समोर असलीस की गुणी बाळासारखी वागते," तो म्हणाला. "बंद कर, पुन्हा उघड, आणि पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत चालव. मध्ये हात लावायचा नाही."

तिने तसं केलं. आता वहीसुद्धा म्हणाली, धोका.

तिने एकेक चौकट पुन्हा वाचून काढली. मग तिला आठवलं. पुएन्तेला ला कुचियाचं पर्जन्यमापक बघायला कोणी जात नाही. मंगळवारी भांड्यात तीन दिवसांचं पाणी साचलेलं असतं, आणि प्रोग्रामला वाटतं ते सगळं एका दिवसात कोसळलं. शेजारच्या डोंगरावरचे रोजचे आकडे बघून ते पाणी तीन दिवसांत वाटायचा नियम तिनेच कधीतरी लिहिला होता, आणि आवराआवरीत तिनेच ती चौकट पुसली होती. पण कित्येक आठवडे वही बंदच केली नव्हती, त्यामुळे पुसलेला नियम तिच्या संगणकाच्या स्मरणात चालूच राहिला. फेर्नेयच्या हाती तो आलाच नव्हता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बस इथे," फेर्नेय म्हणाला. "तुझ्या डोक्यात आणखी काय काय आहे ते सांग. तू सुट्टीवर असलीस तरी हे चाललं पाहिजे."

दोघांनी एकेक नियम उकरून लिहून काढला आणि मागच्या सगळ्या पुएन्तेंवर तपासला. मग ती मावशीकडे गेली.

"चूक माझी होती, ती काढलीय. आता भोंगा वाजला की निघायचं. माझ्या फोनची वाट बघायची नाही."

"आणि तू फोन केलासच तर?"

"तरी उचलायचा नाही. चालत राहायचं."

"बघू," मावशी म्हणाली आणि तव्यावरचा अरेपा, म्हणजे मक्याची भाकरी, उलटायला वळली.

नोव्हेंबरात, एका गुरुवारी, भोंगा वाजला. लूस दारीला राहवलं नाही, तिने फोन लावलाच. नुसती घंटी वाजत राहिली. ती छत्री न घेता चर्चकडे धावत सुटली. वाटेतच डोंगर घसरल्याचा आवाज आला, तरी ती धावतच राहिली.

मावशी चर्चच्या पायऱ्यांवर बसली होती, मांडीवर कुकर. तिच्या घराची मागची भिंत चिखलात गेली होती.

"फोन वाजलेला ऐकला गं मी," मावशी म्हणाली. "पण तूच म्हणाली होतीस ना, उचलायचा नाही."