गरवारशीचं ताट

दिंद्रुडला आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. बोलताना ती शेवटचे शब्द पुन्हा हळू म्हणायची, स्वतःलाच बजावल्यासारखे. दोन मुलांच्या पाठची तिची एकच लेक बाळंतपणात अडून गेली होती. लेकरू पोटात फार वाढलं म्हणून ती गेली, असं म्हातारीनं मनाशी धरलं होतं.

तिची थोरली सून आणि मी एकाच सुमारास गरवार राहिलो. सुनेनं दुसऱ्या भाकरीला हात घातला की म्हातारी म्हणायची, "बास कर बाई. अडशील बग, अडशील."

सुनेचे ओठ पांढरे पडले. ती चोरून भिंतीची माती खायची. एकदा मी तिला डिंकाचा लाडू दिला. म्हातारीनं तो काढून घेतला, पण रागावली नाही. "तुला न्हाई कळायचं, पोरी. मी लेक घालवलीय."

सून दिवस भरायच्या आधीच सुटली, बाळंत झाली. लेकरू मुठीएवढं होतं, रडलंसुद्धा नाही. सुनेचं रक्त थांबेना. तेव्हा निजामाचं राज्य होतं, दवाखाना दूर बीडला. इथं गाडी जुंपेपर्यंत ती गेली.

म्हातारी येईल त्याला विचारायची, "लेकरू तर बारीक हुतं. मग ही का म्हनून गेली?"

पुढं धाकट्या सुनेला दिवस गेले. एका दुपारी म्हातारीनं तिच्या ताटात दुसरी भाकर वाढली, लगेच उचलली, परत वाढली, परत उचलली. सून मान खाली घालून थांबली होती.

"माजा हात न्हाई धजत," म्हातारी मला म्हणाली. "तूच वाढ."

मी भाकर वाढली. सून खाऊ लागली, तशी म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली.