एका अंकाचे सात वाचक

टपालाने आलेला अंक उघडताना शाईचा वास आला, की समोरच्या घरातल्या काकांची सही आठवते. तंत्रज्ञान आणि समाज यांवरच्या या मासिकाने छापील अंक बंद करून फक्त ऑनलाइन काढावा का, असं वाचकांना विचारलं होतं. घाटकोपरला आमच्या मजल्यावर एकच अंक सात जण वाचायचे, आणि शेजारच्या काकूंकडे स्मार्टफोनच नव्हता. छापील अंक चालू ठेवा, असं पत्र लिहून मी त्यावर सातही जणांच्या सह्या घेतल्या. मग आकडा खोटा नको म्हणून काकांचं नाव खोडलं. म्हटलं, "तुम्ही फक्त शब्दकोडं सोडवता." काका उसळले, "अरे, कोड्याची उत्तरं लेखांतूनच शोधायची असतात ना? आभाळातून पडतात काय?" मी त्यांची पुन्हा सही घेतली. अंक अजून छापून येतो. आमच्या पत्रामुळेच, असं म्हणणार नाही. मात्र कोड्याच्या पानावर मी पेन टेकवत नाही; ते काकांचं.