मोठा टर्बो मेला नव्हता

मंडळी, आज मी परक्या माणसासमोर बाबांची चूक काढली.

मूल गावात आमचं छोटं गॅरेज आहे. डिझेल इंजिनचं सगळं काम मला बाबांनीच शिकवलं. ते आधी कोळसा खाणीतले डंपर दुरुस्त करायचे. त्यांत इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन सारखे टर्बो असायचे, अर्ध्या-अर्ध्या सिलिंडरना एकेक, आणि दोन्ही सोबतच जोर लावायचे.

सकाळी एक गाडी जोर धरत नाही म्हणून आली. तिच्यात एक टर्बो लहान आणि एक मोठा होता. बाबांनी मोठ्याच्या पाइपवर हात ठेवला, हवेचा दाब लागला नाही. "मोठा मेला. काढा लागते."

"नाई बाबा, यात कमी वेगात लहानच काम करते. वेग वाढला का मंग मोठा जोर धरते."

मी गाडी पळवून दाखवली. मोठा ठणठणीत होता, हवेची गळती दुसऱ्याच पाइपात होती.

गाडीवाला हसला. "भाऊ, आता पोरीलेच करू द्या. तुमी आराम करा."

दुपारी दुसरी गाडी आली. बाबांनी बॉनेटही उघडलं नाही. "तू पाह्य. मले नाई समजत आता."

मी गप्प राहिले असते तर चांगला टर्बो उघडला गेला असता. पण त्यांना बाजूला नेऊन सांगायचं मला सुचलंच नाही.

ज्यांनी शिकवलं, त्यांची चूक तुम्ही कशी सांगता?