वीटभट्टीवरचं वाचन

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी चंदानं मानोऱ्याच्या दुकानात एकशे शहाऐंशी रुपये मोजून दोन वह्या, पेन्सिली आणि गोष्टींची तीन पुस्तकं घेतली. दुसऱ्या दिवशी तांडा सोडून अनसिंगजवळच्या वीटभट्टीवर निघायचं होतं. नवरा दौलतसिंग म्हणाला, "आपून विटा थापायले चाललो का शाळा काढायले?"

"दोन्ही," चंदा म्हणाली. ती दहावी झालेली, पोरगी पिंकी चौथीत. तांड्यावर पोरीला ठेवावं असं मागे कोणी नव्हतं आणि भट्टीपासून शाळा लांब, मधे ट्रकांचा रस्ता. तेव्हा आईच मास्तरीण.

दिवसभर चिखल तुडवून, साचे उलटे करून चंदाचे हात सोलून निघत. तरी संध्याकाळी भाकरी टाकताना नेम ठरलेला: पिंकीनं पुस्तकातलं एक पान वाचायचं, मग दिवसभरात पाहून जे लिहिलं असेल ते. ऐकता ऐकता चंदाला तव्यासमोरच डुलकी लागे.

"आई, झोपली का वं?"

"नाही. वाच."

संक्रांतीपर्यंत पुस्तकं पाठ झाली. नवं असायचं ते फक्त पिंकीनं लिहिलेलं. झोपड्या एकमेकींना लागून, भिंती ताडपत्रीच्या. एका घरातलं वाचन रांगभर जाई. शेजारची कमलीबाई ओरडे, "पिंके, जरा जोरात वाच! इकडं पोट्ट्यायचा लय गलका हाये."

एकदा पिंकीनं वाचलं, "बादलकाकानं बाबाले कामचोर म्हटलं. मग काका बाभळीखाली झोपले. त्यायच्या उघड्या तोंडात माशी गेली."

सारी रांग खो-खो हसली. बादल भट्टीचा मुकादम, त्यांच्याच तांड्याचा, आणि त्याची झोपडी त्याच रांगेत.

सकाळी तो आला. "वहिनी, पोट्टीले हेच शिकवून राह्यली का? बंद कर ते वाचन. नाही तर तुमची थापायची जागा बदलतो."

तो गेल्यावर दौलतसिंग म्हणाला, "बंद कर बाप्पा. कायले दुखणं इकत घेतं?"

चंदानं पिंकीला सांगितलं, माणसांचं लिहू नको. पिंकीनं लिहिलं, "आज विटा थापल्या. जेवलो." दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिनं वही उघडणंच सोडलं.

"काहून लिवत नाही वं?"

"काय लिवू? काहीच नाही झालं."

चंदानं वही उघडून पिंकीपुढं ठेवली. माणसं सोडून काय लिहायचं, ते समजावत बसायचं त्राण तिच्यात नव्हतं. "जे दिसलं ते लिव," ती म्हणाली. "अन् मोठ्यानं वाच."

पिंकीनं वाचलं: काकानं वाचन बंद करा म्हटलं, म्हणून बाबा भ्याले. या खेपेला रांगेत कोणी हसलं नाही.

बादलनं त्यांना पाण्याच्या टाकीपासून सगळ्यात लांबची जागा दिली. आता चिखलासाठी लागणारं पाणी चंदा डोक्यावरून वाहते. दौलतसिंग दोन दिवस वाचन सुरू झालं की बाहेर जाऊन बसला. तिसऱ्या संध्याकाळी चुलीजवळ येऊन बसला आणि पिंकीला म्हणाला, "आज काय लिवलं? वाच."

चंदाची कंबर धरली आहे. तिनं अनसिंगच्या दुकानातून बामाची डबी आणली. डबीचे पंचवीस रुपये अजून द्यायचे आहेत.