कासवांच्या बेटाची राखण

माझ्या सासरच्या स्वयंपाकघरात अंडं हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. घर माळकरी. माझ्या माहेरी, श्रीगोंद्याकडे, अंगणभर कोंबड्या. त्यामुळे लग्नानंतर पहिले काही दिवस मी बोलताना जीभ चावतच असे. आणि गंमत म्हणजे याच माळकरी घराकडे गावानं अंडी सांभाळायला दिली होती. कोंबडीची नव्हेत, कासवांची. त्यांना मात्र अंडी म्हणायचं नाही, 'ठेव' म्हणायचं.

आमचं गाव कोपरगावच्या खाली, गोदावरीच्या काठावर. पौषात पाणी ओसरलं की पात्रात वाळूची तीन बेटं उघडी पडत. दोन मोठ्या बेटांवर गावातली घरं टरबुजांच्या वाड्या लावत. धाकटं बेट कासवांचं. पौषात कासविणी तिथं वाळूत खड्डा करून ठेव ठेवून जात, आणि तेव्हापासून वैशाखाच्या शेवटी पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत त्या बेटावर राखणदाराशिवाय कुणी पाय ठेवत नसे. मेंढरं नाहीत, धुणं नाही, वाळूची पाटीसुद्धा भरायची नाही. एखादी कासवीण चुकून वाडीच्या बेटावर आली, तर तिच्या ठेवीभोवती बाभळीचे काटे रोवून तेवढी जागा सोडून द्यायची. हा नियम कुठल्या सरकारनं केला नव्हता. होडीवाले बाबा सांगत की त्यांच्या पणजोबांच्या आधीपासून असंच चाललंय, आणि बाबांच्या शब्दापुढे नदीवर कुणाचं चालत नसे.

बाबा एका घराला राखण देत. खूण म्हणून वेताची एक गुळगुळीत काठी असे. ती आधी माझ्या सासऱ्यांकडे होती. ते गेले तेव्हा त्यांच्या चुलतभावाला वाटलं, आता काठी आपल्याकडेच येणार. पण सासूबाईंनी ती दिली नाही. "नवरा गेला, नदी हाय तितंच हाय," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यातून बेटावर गेल्या. नऊ वर्षं त्यांनी राखण केली आणि एकही ठेव वाया गेली नाही. एरवी विधवा बाईला चार माणसांत कोण विचारतं? पण पौष ते वैशाख सगळं गाव त्यांना विचारून वाळूत फावडं घालायचं. ती काठी हातात असली की त्या उंच दिसत.

माझं लग्न झालं ते लढाईच्या दिवसांत. नवरा नगरला पलटणीच्या तळावर सुतारकामाला, महिन्यातून एकदा घरी यायचा. म्हणून मी आणि सासूबाई, दोघीच वाडीवर. टरबुजासाठी वाळूत ओल लागेपर्यंत आळी खणायची, तळाशी शेणखत घालायचं आणि बी लावायचं. पहिल्याच आठवड्यात एका आळ्यात सासूबाईंचा हात थबकला. खाली पांढरी, गोल, गोटीपेक्षा जरा मोठी अशी अकरा अंडी. त्यांनी वाळू परत सारखी केली, काटे रोवले आणि त्या रांगेतली सहा आळी सोडून दिली. सगळ्यात चांगली ओल त्याच सहा आळ्यांत होती. मला हळहळ वाटली, त्यांना नाही.

"हिच्यावर तुजी नजर," त्या मला म्हणाल्या. "कुत्रं न्हाई, मुंगूस न्हाई. काय आलं तर हाकलायचं."

मला कोण आनंद झाला! घरात आल्यापासून पहिलंच काम माझ्या एकटीच्या हवाली झालं होतं. मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. पण पाहता पाहता माझा जीव कळवळायला लागला. कासवीण एकदा ठेवून गेली ती गेलीच, पुन्हा फिरकली नाही. कसली आई ही! आमची खुडूक कोंबडी एकवीस दिवस हलत नाही, चोचीनं अंडी उलटीपालटी करते, तेव्हा कुठं पिलू होतं. मला वाटलं, या बिचाऱ्यांना कुणी नाही, तर आपण आहोत.

मग काय, दुपारी सासूबाई खोपीच्या सावलीत लवंडल्या की मी काटे बाजूला करी, वाळू उकरी आणि एकेक अंडं हलकेच फिरवी. कालची बाजू कोणती ते कळावं म्हणून माहेरच्यासारखेच कोळशाचे ठिपके दिले होते. एकवीस दिवस झाले. काही नाही. मी आणखी एकवीस दिवस फिरवली. तरी काही नाही. मग मीच स्वतःची समजूत काढली की कासवं मुळात सावकाश, आणि नाद सोडला. सासूबाईंना विचारावं हे एकदाही सुचलं नाही. सगळं येतं असं वाटण्याचं वय होतं.

वैशाख सरता सरता एका सकाळी धाकट्या बेटावरची वाळू हलली. आम्ही सगळे मोठ्या बेटाच्या टोकाला उभे होतो. आधी एक डोकं, मग चार, मग वाळूच चालायला लागली म्हणावं तशी पिल्लं. रुपयाएवढी. कुणी न सांगता, कुणी न शिकवता सगळी पाण्याकडे. मी तोंडावर पदर धरून रडले. इतकं सुंदर मी तोवर काही पाहिलं नव्हतं.

आमच्या काट्यांतली वाळू मात्र हलली नाही. आठ दिवस वाट पाहून बाबा आले. राखणदारासमक्ष ठेव उघडायची, असा रिवाज होता. चुलत सासरेही आले. बाबांनी हातानं वाळू काढली. अकराच्या अकरा अंडी खराब झालेली, आणि त्यांवर माझे काळे ठिपके.

"ही ठेव लावल्याजागी ऱ्हायली न्हाई," बाबा म्हणाले. "कुनी तरी फिरवलीया. फिरवली की आतला जीव मरतो."

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी माझं मनगट गच्च धरलं.

"म्या फिरवली," त्या म्हणाल्या. "माजी चूक झाली, बाबा."

राखणदाराच्या हातून ठेव बिघडली तर राखण जाते, हा नियम त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक होता. त्यांनी काठी स्वतःच पुढे केली. बाबांनी ती चुलत सासऱ्यांच्या हाती दिली.

घरी येताना मी पाण्यातच त्यांचे पाय धरले. "आत्याबाई, मी सांगते जाऊन."

"गप," त्या म्हणाल्या. "माजं नाव गाव आठ दिस घोळंल. तू काल आलेली. तुजं नाव जलमभर घोळंल."

त्यापुढे एक शब्द बोलल्या नाहीत, ना घरात, ना माझ्या नवऱ्याजवळ. पुढच्या पौषात मात्र वाडीवर गेल्या की त्यांचा उजवा हात काठी शोधल्यासारखा जरा उघडा राहायचा. लोक फावडं घालण्याआधी आता चुलत सासऱ्यांना विचारायचे. ते मला बघवत नसे. वर्षभर मी रोज स्वतःला शिव्या दिल्या आणि रोज गप्प बसले. भित्रेपणाच तो, दुसरं काही नाही.

वैशाखात पुन्हा पिल्लं निघाली. सगळं गाव टोकाला जमलेलं. शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं आणि मी डोईवरचा पदर सावरून बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, गेल्या साली ठेव मी फिरवली. आत्याबाईंनी नाही."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"ठावं हाय, सूनबाई," बाबा म्हणाले. "कोळशाच्या खुना कोंबडीवालं घर करतं. तुजी सासू अंड्याचं नाव घेत न्हाई, ती खुना काय करंल? समद्या गावाला ठावं हाय."

"मग काठी का घेतली?"

"ती म्हनली, म्या केलं. तिनं तुला पदराखाली घेतलं, त्यो पदर आमी वडावा व्हय? तिचं बोलनं आमी खरं धरलं. आज तू बोललीस. आता हे खरं."

त्यांनी हात पुढे केला. चुलत सासऱ्यांनी, नाक जरा मुरडत का होईना, काठी दिली. बाबा ती घेऊन वाळूतून सासूबाईंकडे गेले. त्या पाठमोऱ्या बसून काटे गोळा करत होत्या. सगळं ऐकूनही मान वर केली नव्हती. काठी हातात आली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाळूत टेकवून पाहिली. मग उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि काठीचं टोक माझ्या दोन्ही हातांवर हलकेच टेकवलं.

"हे हात मातूर बेटापासनं लांब," त्या म्हणाल्या. हसत होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.